दोघांनाच निवांत जायचंय; समुद्र हवा आणि कलाही. कुठे जावं?

तमिळनाडूतलं महाबलीपुरम. तीन रात्री ठेवा. चेन्नईहून एका दिवसात उरकलंत तर नुसती दगदग. दिवाळीची सुट्टी मात्र टाळा, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा नव्हे, भर पावसाळा असतो. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. वाटेत चोळमंडल, १९६६ साली चित्रकारांनी वसवलेलं गाव, आणि मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र, दक्षिण भारतातल्या जुन्या घरांचं नि हस्तकलांचं संग्रहालय, बघा (मंगळवारी बंद).

किनाऱ्यावरचं मंदिर पूर्वाभिमुख, म्हणून सकाळीच गाठा. दुपारी छिन्नीची टकटक ऐकत मूर्तिकारांच्या दारांवरून रेंगाळा. घ्यायचीच तर सोपस्टोनची छोटी मूर्ती घ्या. ग्रॅनाइट बॅगेचं वजन खातो. सोपस्टोन मऊ, टवका लगेच उडतो, तेव्हा कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. समुद्राला ओढ जबर आहे. पाय भिजवा, पोहू नका.