रॉटवायलरच्या पिल्लांचं शेपूट : कात्री की रबर?

रॉटवायलर कुत्रीच्या पिल्लांचं शेपूट कात्रीने कापावं की रबर बांधून पाडावं, असं तुम्ही विचारलंय. तीन दिवसांची आठ पिल्लं, "शेपूट कापलेलं असेल तरच घेतो" म्हणणारं गिऱ्हाईक, "मी करणार नाही" म्हणणारे डॉक्टर आणि "रबर लाव, आपोआप गळून पडतं" म्हणणारा मित्र. तुमच्या पोस्टमधला एकही माणूस मला नवा नाही. ही सगळी मंडळी आमच्या घरी येऊन गेली आहेत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. बरीच वर्षं मोठ्या जातीची कुत्री पाळलीत, दोन-तीन वेळा पिल्लं काढलीत, एवढाच अधिकार. पटलं तर घ्या, नाहीतर तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं म्हणून तुम्ही वैतागलेले दिसता. माझ्या मते तुम्हाला भेटलेल्या तिघांत शहाणे तेवढेच आहेत.

कात्री की रबर, याला माझं उत्तर : दोन्ही नको. पण नुसतं "नको" म्हणून तुमचं गिऱ्हाईक सुटत नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

कात्रीचं सगळ्यांना माहीत आहे. जन्मल्यापासून पाच दिवसांच्या आत, बहुतेक वेळा भूल न देता, कापायचं आणि टाका घालायचा. रबराबद्दल मात्र लोक फार गोड बोलतात. रक्त नाही, टाका नाही, खर्च नाही. आतमध्ये काय होतं ते कुणी सांगत नाही. रबराच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि जिवंत पिल्लाच्या अंगावर मांस मरत, वाळत पडतं. तेही एका रात्रीत नाही, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस आई ते चाटते, दाताने ओढते, खाली ओली गोधडी असते. मेलेल्या मांसात हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूंना नेमकं तेच आवडतं. घोड्याच्या मानाने कुत्र्याला धनुर्वात क्वचित होतो, हे खरं. पण बाकीचे जंतू असतातच की, आणि खुंट सडायला तेवढे पुरतात.

"या वयात दुखत नाही" हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय! मज्जातंतूंवरचं आवरण तेव्हा पूर्ण झालेलं नसतं, त्यावरून ही समजूत निघाली. पण वेदना वाहून नेणारे बरेच तंतू मोठ्या कुत्र्यातही बिनआवरणाचेच असतात. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात, कानही तोवर बंद. पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून दुखत नाही असं आपण ठरवून टाकायचं.

आता आमच्याकडचं सांगतो, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नकार दिल्यावर आम्ही पिल्लं टोपलीत घालून दुसऱ्या एका खासगी दवाखान्यात नेली. डॉक्टर बाहेरगावी होते. तिथला मदतनीस म्हणाला, "हे काम नेहमी मीच करतो." बोलता बोलता त्याने सगळ्यांना रबर चढवलं, एकेक इंजेक्शन टोचलं आणि बिल हातात दिलं. बिलावर लिहिलं होतं, "ड्रेसिंग व इंजेक्शन". बास. कुठलं इंजेक्शन, किती, कशासाठी, काही नाही. केस पेपर काढलेलाच नव्हता.

पुढच्या काही दिवसांत दोन पिल्लांच्या शेपटीच्या मुळाशी सूज आली, वास यायला लागला. एकाने दूध सोडलं. पुन्हा त्या दवाखान्यात गेलो, तर आता डॉक्टर हजर. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही डॉकिंग (म्हणजे शेपूट कापणं) करतच नाही. बिल बघा ना." आणि बिलाप्रमाणे ते बरोबरच बोलत होते! मदतनीस समोर उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. इंजेक्शन कुठलं दिलं ते तरी सांगा म्हटलं, तर "तुम्ही बाहेरून काही करून घेतलं असेल". मी आवाज चढवला. त्याने काय होतं? जेवढा मी चढलो तेवढे ते थंड होत गेले.

तिथून निघालो ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथले पशुधन विकास अधिकारी माणूस म्हणून चांगले, पण एवढ्याशा जिवाला आधी काय टोचलंय हे कळल्याशिवाय वर आणखी औषध द्यायला कचरत होते. आधीचा केस पेपर आणा म्हणाले. तो पेपर जगात अस्तित्वातच नव्हता. या हेलपाट्यांत एक पिल्लू गेलं. दुसऱ्याला मोठ्या शहरात नेऊन, भूल देऊन, चांगलं मांस लागेपर्यंत पुन्हा कापावं लागलं. त्याचा खर्च किती झाला ते इथे लिहीत नाही, घरातले लोकही ही चर्चा वाचतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या गिऱ्हाईकाने शेवटी पिल्लू घेतलंच नाही. का? तर म्हणे, "शेपूट फारच आखूड झालंय, शोभत नाही."

त्या मदतनिसाचा राग आता गेला. दवाखान्याचा नाही गेला. काम करायचं, पैसे घ्यायचे आणि कागदावर त्याचा मागमूस ठेवायचा नाही, हे त्या एकाच दवाखान्याचं वैशिष्ट्य नाही. डॉकिंग या विषयावर सगळीकडे असंच चालतं, कारण उघड करायची प्रत्येकालाच धास्ती आहे. म्हणून माझं मत असं की, जो काय केलं ते लिहून द्यायला तयार नाही, त्याच्या हातात पिल्लू देऊ नका. शेपटीसाठी नाही, लसीसाठीही नाही.

धास्ती कशाची, तर कायद्याची. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, प्राण्याचं अंग तोडणं हा गुन्हा आहे. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण यांना त्याच कलमात सूट आहे, कुत्र्याच्या शेपटीचा त्या यादीत उल्लेख नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे हसावं की रडावं कळत नाही. २०११ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने डॉकिंगविरुद्ध परिपत्रक काढलं, श्वानपालकांची संस्था मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये ते परिपत्रक रद्द झालं. तेव्हापासून ब्रीडर, म्हणजे विकण्यासाठी पिल्लं काढणारी मंडळी, "कोर्टाने परवानगी दिलीय" म्हणून सांगत फिरतात. परिपत्रक रद्द झालं म्हणजे कलम ११ रद्द झालं असं मला तरी वाटत नाही. वकिलाला विचारा.

गिऱ्हाईकाचं काय करायचं? खरा प्रश्न तिथे आहे, पद्धतीत नाही. तुमचं गिऱ्हाईक "जर्मन लाइन", म्हणजे जर्मन वंशावळीचं पिल्लू, मागतंय असं तुम्ही लिहिलंय. त्याला सांगा की रॉटवायलर ज्या रॉटवाइल गावावरून ओळखला जातो ते गाव जर्मनीत आहे, आणि जर्मनीत शेपूट कापायला १९९८ पासून बंदी आहे. आजच्या जर्मन रॉटवायलरला लांब शेपूट असतं. तिथल्या प्रदर्शनांतले फोटो मोबाइलवर दाखवा. खुंट मागायचा आणि वर ओरिजनल जर्मन म्हणायचं, हे जमत नाही. इंग्लंडमध्येही २००७ पासून काही कामाच्या कुत्र्यांची सूट सोडली तर बंदीच आहे, आणि त्या सुटीत रॉटवायलर बसत नाही.

"लांब शेपूट आपटून जखम होते" असंही तो म्हणेल. होते कधीकधी. पण ब्रिटनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात हिशेब निघाला की अशी एक जखम टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. तुमची आठ आहेत.

तरी ऐकत नसेल तर ॲडव्हान्स परत करा. थोडे पैसे कमी येतील, येऊ द्या. तसंही कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक शोधायला तुमच्याकडे वेळ आहे. माझा अनुभव असा की तीन दिवसांच्या पिल्लाचा फोटो बघून लोक अटी घालतात. दोन महिन्यांचं पिल्लू शेपूट हलवत पायात आलं की शेपटीवरून कुणी घासाघीस करत नाही, किमतीवरून करतात.

मित्राने एखाद्याला रबर चढवून बघितलं असेल (तुमच्या लिहिण्यावरून तशी शंका आली, राग मानू नका), तर ते घरी ब्लेडने काढत बसू नका. आजच डॉक्टरांकडे न्या आणि कधी चढवलं ते खरं सांगा. तुमचे डॉक्टर चिडतील, पण बघतील. जवळ कुणी नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला आणि मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे कुत्र्यांवर उपचार होतात.

विषयाबाहेरचं थोडं. तुमच्या फोटोत पिल्लांखाली वर्तमानपत्र दिसतंय. ते काढा. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि काही पिल्लांचे मागचे पाय बाजूला फाकून राहतात. जाडसर गोधडी किंवा जुनी सतरंजी टाका, रोज बदला. पहिला आठवडा पेटीत ३० ते ३२ अंश ऊब हवी, त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. बल्ब लावला असेल तर एका कोपऱ्यावर लावा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. दहा दिवसांच्या आसपास जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं वजन एक दिवस जरी उतरलं तरी वाट बघू नका, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.