कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर लक्षणांची वाट पाहू नका

पिल्लू अजून उड्या मारतंय म्हणून निर्धास्त राहू नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन हे कुत्र्यांसाठी विषारी द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. उलट्या, धाप, थरथर दिसायला ६ ते १२ तासही लागतात, आणि तोवर डॉक्टरांनी उलटी करवून ते काढायची वेळ निघून गेलेली असते. मिल्क चॉकलेटपेक्षा डार्क घातक, कोको पावडर त्याहूनही. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन गेलं की त्रास सुरू होतो, ६० च्या आसपास झटके येतात. म्हणून चघळलेला कागदसुद्धा टाकू नका. त्यावरचं वजन, कोकोची टक्केवारी आणि पिल्लाचं वजन डॉक्टरांना लगेच फोनवर सांगा. उलटी व्हावी म्हणून घरी मिठाचं पाणी मात्र कधीच पाजू नका, तेच जिवावर बेतू शकतं. चॉकलेट शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का तेही बघा. त्याने रक्तातली साखर अर्ध्या तासात घसरू शकते.