पोर्ट्रेटसाठी पहिला कॅमेरा: बॉडीचं सोडा, ठेवणार कुठे ते सांगा

पाऊस लागला की माझ्याकडे दोन टाइपचे मेसेज येतात. एक, 'पोर्ट्रेट शिकायचंय, कुठली बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ?' आणि दुसरा, बहुतेक वेळा वर्षभराने त्याच माणसाचा, 'सर लेन्समध्ये काहीतरी पांढरं दिसतंय'. म्हणून यावेळी दोन्हीची उत्तरं एकत्रच देतोय. आणि प्लीज, स्टुडिओत फोन करू नका, शूट चालू असताना मी उचलत नाही.

प्रश्न (विरार): मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडवर शिकलं तर चालेल का?

चालेल. लाइट कुठून येतोय ते बघायला शिका, त्याला कॅमेरा लागत नाही.

प्रश्न (डोंबिवली): डीएसएलआर बंद होणार म्हणतात, मग मिररलेसच घ्यावा लागेल ना? बजेट कमी आहे.

हे 'म्हणतात' म्हणजे नक्की कोण म्हणतं? डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेससाठी आरएफ आणि झेड हे नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायचे खाचे, आणले, नवीन लेन्स आता तिकडेच येतात, हे खरं आहे. पण म्हणून लोकांच्या हातातले डीएसएलआर काही फोटो काढायचे थांबले नाहीत. मिररलेसचा पोर्ट्रेटला खरा फायदा म्हणजे तो डोळा ओळखून फोकस तिथेच धरून ठेवतो, कारण एफ १.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) जवळून काढताना पापण्या शार्प आणि कान सॉफ्ट असा प्रकार होतो आणि नवख्या माणसाचा फोकस हमखास नाकावर जातो. बजेट असेल तर मिररलेस घ्या, हात आखडता असेल तर चांगला सेकंडहँड डीएसएलआर घ्या आणि उरलेले पैसे लेन्सला ठेवा.

निकॉनवाल्यांनी एक बघायचं. डी३५००, डी५६०० असल्या बॉडीत लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर नसते. जुनी ५० एमएमची 'डी' लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेतलीत तर बसेल छान, पण ऑटोफोकस होणार नाही, रिंग हाताने फिरवत बसाल. 'एएफ-एस' लिहिलेली, म्हणजे स्वतःची मोटर असलेली, मागा आणि स्वतःची बॉडी सोबत नेऊन दुकानातच लावून बघा.

प्रश्न (परळ): ५० एमएम की ८५ एमएम? यूट्यूबवर सगळे ८५ म्हणतात.

ते फुल फ्रेमवर बोलतायत आणि त्यांच्याकडे जागा आहे. तुमचा क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर ५० एमएम निकॉन-सोनीवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी दिसते, म्हणजे पोर्ट्रेटचीच लेन्स झाली ती. आपल्याकडची खोली दहा बाय बाराची, क्रॉपवर ८५ लावून माणसाचा कमरेपर्यंतचा फोटो घ्यायचा तर दहा फूट मागे जावं लागतं, म्हणजे तुमची पाठ कपाटाला टेकली आणि समोरचा भिंतीला चिकटला. ५० ला सहा-साडेसहा फुटांत काम होतं.

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ च्या वर उघडत नाही, एफ १.८ ला जवळपास दहापट लाइट आत येतो, म्हणून खिडकीजवळ ट्यूबलाइट न लावताही फोटो निघतो. तरी विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने घेऊन तुमच्याच घरात वापरून बघा.

प्रश्न (कांदिवली): २४ मेगापिक्सेल पुरतील का?

पुरतील. ए-फोर साइजची चांगली प्रिंट नऊच्या आत निघते.

प्रश्न (भायखळा): फोर्टमध्ये एकाने बिलाशिवाय बराच स्वस्त सांगितला, 'इंटरनॅशनल वॉरंटी' आहे म्हणाला, वर बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर फ्री.

नको. ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल आहे तो, बिघडला की इथल्या सर्व्हिस सेंटरला वॉरंटीत घेत नाहीत. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिलावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. आणि यूव्ही फिल्टरचं कौतुक मला सांगू नका, डिजिटल सेन्सरला त्याची गरज नसते, स्वस्त काच पुढे लावली की दिव्यासमोर फोटोत भुतं, म्हणजे दिव्याची नको ती प्रतिबिंबं, दिसतात एवढाच उपयोग. खरेदीला कॅमेऱ्यातलं कळणारं कोणीतरी सोबत न्या.

प्रश्न (चेंबूर): सेकंडहँड ५० एमएम घेतली, कपाटात बॅगेत ठेवली होती. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. एक मित्र तांदळाच्या डब्यात ठेव म्हणतो, एक उन्हात ठेव म्हणतो, सासूबाई डांबराच्या गोळ्या टाका म्हणतात. दिवाळीत दाखवली तर चालेल का?

नाही चालणार. ती बुरशी आहे, फंगस. बुरशीचे कण हवेत असतातच, त्यांना ओलावा, अंधार, कोंडलेली हवा आणि खायला थोडी धूळ किंवा बोटाचं तेल मिळालं की झालं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो, आणि तुम्ही लेन्स कुठे ठेवलीत तर फोमच्या बॅगेत, बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून! फोम पाणी धरून ठेवतो हो. तांदूळ ओलावा नीट ओढत नाही, वर त्याची पावडर रिंगमध्ये जाते. ऊन दाखवल्याने काचेवरचे डाग जात नाहीत, उलट आतलं ग्रीस पातळ होऊन लेन्सचं तोंड उघडझाप करणाऱ्या पात्यांवर येऊ शकतं. गोळ्यांची वाफ काचेवर आणि प्लॅस्टिकवर बसते, सासूबाईंना त्या साड्यांसाठी ठेवू देत.

दिवाळीपर्यंत का थांबायचं नाही, तर बुरशी वाढताना जे सोडते ते काचेवरच्या कोटिंगला खातं, लवकर उघडून पुसली तर लेन्स वाचते, उशीर झाला तर जाळं जातं आणि त्याची नक्षी कायमची राहते. मग खिडकीकडे तोंड करून फोटो काढला की सगळं दुधाळ. स्वतः स्क्रू काढू नका, याच आठवड्यात लेन्स उघडणाऱ्या टेक्निशियनला दाखवा आणि खर्च आधी विचारा, स्वस्त ५० ला कधीकधी दुरुस्तीपेक्षा दुसरी परवडते. तोवर ती बाकीच्या सामानापासून लांब ठेवा.

आणि बाकीच्यांनी घेतानाच बघा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. निकॉनच्या जुन्या लेन्सची पाती बाहेर काढल्यावर मिटलेली असतात, मागे छोटी दांडी असते ती बोटाने सरकवून पाती उघडायची, नाहीतर अर्धी काच दिसतच नाही. केसासारखे धागे, फांद्या, धुरकट ठिपका काहीही दिसलं की परत द्या, 'फोटोत येत नाही' हे विकणारा म्हणणारच.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पुरतो, त्यात सिलिका जेल आणि छोटा ह्युमिडिटी मीटर टाका, काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. नारंगी दाणे हिरवे किंवा निळे दाणे गुलाबी झाले की पाकिटावर लिहिलंय तसे गरम करून सुकवा, नुसते पडू देऊ नका, ओले दाणे काही कामाचे नाहीत. सामान वाढलं की ड्राय कॅबिनेट, म्हणजे ओलावा काबूत ठेवणारं कपाट, घ्या. आणि वापरा लेन्स, दर आठवड्याला बाहेर काढा!

प्रश्न (मुलुंड): आधी फ्लॅश घेऊ की रिफ्लेक्टर?

स्टेशनरीवाल्याकडून पांढरा सनबोर्ड (हलका जाड फोमचा पुठ्ठा) घ्या, तोच तुमचा रिफ्लेक्टर. फ्लॅशचं तीन-चार महिन्यांनी विचारा, तेव्हा तुमचे फोटोही पाठवा.

प्रश्न (ऐरोली): पुढच्या रविवारी मैत्रिणीच्या साखरपुड्याचे फोटो काढायचेत, शनिवारी ईएमआयवर कॅमेरा घेतला तर जमेल ना?

नाही. शनिवारी घेतलेल्या कॅमेऱ्याचं मेनू रविवारी हॉलमध्ये शोधणार का? गुरुवारी भाड्याने घ्या, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागेल, परत देताना वाद नको म्हणून घेतानाच काच आणि बॉडी दुकानदारासमोर तपासा. जास्तीची बॅटरी आणि दुसरं कार्ड मागून घ्या. आणि मैत्रिणीला सांगा की एक अनुभवी फोटोग्राफरही बोलव, तुम्ही त्याच्या बाजूला उभ्या राहा.