प्रोग्राम धावतो की चालतो?

एका मैत्रिणीने विचारलंय: "आमच्या ॲपची मराठी आवृत्ती तयार होतेय. त्यात मागे कोणकोणती कामं होतायत त्यांची यादी दिसते आणि प्रत्येक कामापुढे 'धावत आहे' असं येतं. वाचताना खटकतं. 'चालत आहे' करून पाहिलं, तेही पटेना. काय लिहावं? आणि आपण सगळे बोलताना 'रन'च म्हणतो, ते मराठीत शब्द नाही म्हणून का?"

यादीत 'चालू आहे' लिहा. बटणावर 'चालवा' लिहा. हे उत्तर मी बेधडक देतो, पण त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं आहे, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या वाक्यात हीच अडचण पुन्हा येणार.

मराठीत यंत्रं धावतात, नाही असं नाही. रेल्वे धावते, बस धावते. पण धावतात ती जागा सोडणारी यंत्रं. पंखा, पंप, गिरणी, शिलाई मशीन, घड्याळ ही एका जागी राहून काम करतात आणि ती चालतात. प्रोग्राम या दुसऱ्या गटातला. तो कुठे जात नाही, असतो तिथेच राहून काम करतो. 'धावत आहे' वाचताना खटकतं ते एवढ्याचसाठी. वेगाचं कौतुक करायचं असेल तर गोष्ट वेगळी. "इंडेक्स टाकल्यापासून क्वेरी धावायला लागली" हे अस्सल मराठी वाक्य आहे आणि मी ते आनंदाने वापरतो. क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी, आणि इंडेक्स म्हणजे ती माहिती चटकन सापडावी म्हणून केलेली सूची. तिथे क्वेरीचं काम सुरू आहे हे सांगायचं नसतं, ती आता रेंगाळत नाही हे सांगायचं असतं.

मग 'चालत आहे' का नको? आपण "दिवा चालू आहे" म्हणतो, "दिवा चालत आहे" कुणीच म्हणत नाही. वर्ग चालू असतो, खटला चालू असतो, दुरुस्ती चालू असते. 'चालत आहे' म्हटलं की क्रिया करणारा डोळ्यांपुढे येतो, त्याची पावलं दिसतात. 'चालू' मध्ये पावलं गळून जातात आणि फक्त स्थिती उरते. यादीतल्या त्या रकान्यात तुम्हाला स्थितीच दाखवायची आहे, शिवाय तिची जोडीही तयार आहे: चालू आणि बंद. 'कार्यान्वित' आणि 'कार्यरत' हेही सुचवले जातात. सूचनाफलकावर ते शोभतात, पण मध्यरात्री फोनवर कुणी "सेवा कार्यान्वित होत नाहीये" म्हणेल असं मला वाटत नाही. जो शब्द घाईच्या वेळी तोंडात येत नाही, तो पडद्यावरही वाचणाऱ्याच्या आणि कामाच्या मधे उभा राहतो.

आता 'रन'. मराठीत शब्द नाही म्हणून आपण तो घेतला, हे मला मान्य नाही. उलट आपला शब्द फार मोठा आहे. घर चालतं, दुकान चालतं, नाणं चालतं, सुरी चालते, डोकं चालतं. या सगळ्यांत 'हालचाल सुरू आहे' एवढाच अर्थ नाही, 'जे व्हायला हवं ते नीट होतंय' हाही आहे. सुरी चालत नाही म्हणजे ती बोथट आहे, नाणं चालत नाही म्हणजे ते कुणी घेत नाही. फ्रेंच लोकही नेमकं चालण्याच्याच क्रियापदाने 'सा मार्श' म्हणतात आणि त्यांनाही 'जमतंय, काम होतंय' असंच म्हणायचं असतं.

आपल्या धंद्यात मात्र हे दोन अर्थ सुटे करावे लागतात, आणि बोलणाऱ्यांनी ते आपसूक केलेत. "स्क्रिप्ट रन झाली, पण चालली नाही." स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम, आणि हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पहिली ओळ ते शेवटची ओळ काम झालं, मधे कुठे अडलं नाही, पण हवं ते हाती आलं नाही, एवढं सगळं त्यात आहे. इथे 'रन होणे' ने 'चालणे' ला हाकललेलं नाही, दोघांनी काम वाटून घेतलंय. म्हणून बोलण्यातल्या 'रन' वर मी कधी लाल पेन्सिल मारत नाही.

हा फरक अगदी सुरुवातीपासूनचा आहे. २१ जून १९४८ ला मँचेस्टरच्या 'बेबी' नावाच्या संगणकावर, स्वतःच्याच स्मृतीत साठवलेला प्रोग्राम पहिल्यांदा यशस्वी झाला. सुरुवात लहान संख्येने झाली आणि काही दिवसांत गाडी दोनाच्या अठराव्या घातापर्यंत, म्हणजे २,६२,१४४ पर्यंत पोहोचली. या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर १,३१,०७२, म्हणजे निम्मं; ते कुणीही तोंडी सांगेल. यंत्राला ५२ मिनिटं लागली. ती ५२ मिनिटं प्रोग्राम रन होत होता. तो चालला, असं म्हणता आलं ते आकडा जुळला तेव्हा. उत्तर आधीपासून माहीत असल्यामुळेच ते म्हणता आलं. मी आजही नव्या कोडची पहिली चाचणी उत्तर पाठ असलेल्या उदाहरणावरच घेतो.

'चालणे' वापरताना मी सर्वांत जास्त लक्ष ठेवतो ते आधीच्या शब्दाला काय जोडलंय याकडे. "माझ्या मशीनवर चालतं" आणि "मला चालतं". क्रियापद तेच, पण 'वर' लावलं की ते काम होण्याबद्दल बोलतं आणि 'ला' लावलं की संमतीबद्दल. "क्लायंटकडे चालेल" हा अंदाज आहे, तो चाचणीने तपासता येतो. "क्लायंटला चालेल" हाही अंदाज, पण तो विचारूनच तपासायचा. आणि यातलं काहीच न जोडता कुणी नुसतं "हे चालणार नाही" असं कोडच्या शेजारी लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळत नाही की कोड अडकणार आहे की लिहिणाऱ्याला तो पसंत नाही. नवीन मुलं अशा शेऱ्याने उगाच खचतात. मी तरी तिथे "रिकामी यादी आली तर हे चालणार नाही" असं कारण जोडून लिहितो, आणि प्रश्न फक्त आवडीचा असेल तर "मला हे नाव पटलं नाही" असं सरळ म्हणतो.

आता थोडं 'चालू' बद्दल, कारण तुम्ही तो शब्द पडद्यावर आणणार आहात आणि त्यात एक खाच आहे. एकदा रात्रपाळी संपवताना मी पुढच्या सहकाऱ्यासाठी टिपण ठेवलं: "रीस्टार्ट केल्यावर ॲप चालू होतं." मला म्हणायचं होतं की रीस्टार्टनंतर मी पाहिलं तेव्हा ते चालू स्थितीत होतं, पुढचं माहीत नाही. त्याने वाचलं की रीस्टार्ट हा उपाय आहे, तो केला की ॲप सुरू होतं. दुपारपर्यंत त्याने चारदा रीस्टार्ट केलं. खरं कारण वेगळंच होतं. लॉगच्या फायलींनी, म्हणजे ॲप आपल्या कामाची नोंद ज्यांत लिहीत जातं त्या फायलींनी, डिस्क भरत होती. रीस्टार्टमध्ये तात्पुरत्या फायली पुसल्या जायच्या, थोडी जागा व्हायची आणि तासाभरात ती पुन्हा संपायची.

चूक दोघांपैकी कुणाच्याच मराठीत नव्हती. 'असणे' चा भूतकाळ आणि 'होणे' चा वर्तमानकाळ नपुंसकलिंगात एकसारखे दिसतात. सर्व्हर चालू होता, सर्व्हर चालू होतो: इथे घोटाळा नाही. सेवा चालू होती, सेवा चालू होते: इथेही नाही. पण ॲप चालू होतं आणि ॲप चालू होतं! प्रमाण लेखनात 'होते' केलं तरी दोन्हीकडे 'होते' च राहतं. 'चालू' च्या जागी 'सुरू' घातल्यानेही सुटका नाही. संगणक पुल्लिंगी, फाईल स्त्रीलिंगी, म्हणून त्यांच्याबाबतीत कधी अडलं नव्हतं. नपुंसकलिंगी ॲप आलं आणि अडलं. त्यानंतर मी टिपणात वेळ घालतो आणि क्रियापद बदलतो: "पावणेसहाला पाहिलं तेव्हा ॲप चालूच होतं" किंवा "रीस्टार्ट केलं की ॲप चालू व्हायला हवं". तुमच्या ॲपमध्ये अशी भूतकाळातली नोंद दाखवायची असेल तर 'चालू होतं' टाळा. 'चालू झालं' आणि 'बंद पडलं' या जोडीत शंका उरत नाही. त्यातही 'बंद केलं' आणि 'बंद पडलं' वेगळे ठेवा. पहिल्यात कुणाचा तरी हात आहे, दुसऱ्यात नाही, आणि बिघाड शोधणाऱ्याला सर्वांत आधी तेच हवं असतं.

'चालणे' चा आणखी एक उपयोग तुम्ही विचारला नाहीत, पण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या क्रियापदाला जोडून आलं की ते दिशा दाखवतं. "मेमरी वाढतेय" यात ती आत्ता वाढतेय एवढंच कळतं. कदाचित लगेच उतरेलही. "मेमरी वाढत चाललीय" म्हटलं की ती थोडी थोडी, न थांबता वाढतेय आणि आपोआप उतरायची चिन्हं नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. बोलणाऱ्याची काळजीही त्यात ऐकू येते. मेमरी सोडायची राहून गेलेल्या कोडचं वर्णन करायला मला याहून नेमके शब्द सापडलेले नाहीत. त्या रात्रीच्या माझ्या टिपणात "डिस्क भरत चाललीय" एवढं असतं, तर सहकाऱ्याने रीस्टार्टच्या आधी लॉगच्या फायली उघडल्या असत्या.