थेंब खाली, गळती वर

जुन्या गाडीखालचा काळा डाग हा या सदराचा नेहमीचा पाहुणा. या वेळी फक्त त्याच्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती कापली आहेत.

प्रश्न : गाडी पेट्रोलची, १६ वर्षांची. सकाळी हलवली की खाली तळहाताएवढा काळा डाग असतो. चेंबर सगळं ओलं आहे, म्हणून मेकॅनिक चेंबरचं पॅकिंग बदलू म्हणतो. बदलू का?

आज नको. चेंबर म्हणजे ऑइल साठवणारं भांडं, इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठेही गळू दे, ऑइल ओघळत शेवटी तिथेच येऊन लोंबणार. शिवाय गाडी पळताना खालचा वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे डाग दिसतो त्याच्या वर आणि बहुतेक वेळा थोडं पुढे शोधायचं असतं.

आधी ते इंजिन ऑइलच आहे ना, ते पाहा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि चाकं कुठे आहेत ते त्यावर पेनाने लिहून ठेवा. सकाळी डाग कशाच्या खाली पडलाय ते लगेच कळतं. थेंब बोटांत चोळून वास घ्या. वापरलेलं इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगकडे बघा. गोडसर वासाचं हिरवं किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं, त्याची काळजी नको.

इंजिन ऑइलच निघालं, तर पुढचं काम धुण्याचं. याला बहुतेक जण कंटाळतात आणि तिथेच पैसे वाया जातात. १६ वर्षांच्या चिकट्यावर ताजी गळती दिसत नाही. इंजिन थंड असताना डीग्रीजर मारा, ब्रशने घासा, हलक्या पाण्याने धुवा. अल्टरनेटर, वायरींचे जोड आणि हवेचा फिल्टर प्लॅस्टिकने झाका. जोराच्या फवाऱ्याचा मोह टाळा. नीट वाळलं की १५-२० मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. जुना चिकटा मळकट, निस्तेज दिसतो. ताजं ऑइल चकाकतं. सगळ्यात वरची चकाकणारी जागा तुमची.

तरीही कळेना, तर कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पुन्हा थोडं चालवा. पांढऱ्यावर ऑइलची गडद रेघ उमटते आणि ती वर जिथे सुरू होते तिथे बोट ठेवता येतं. फारच अवघड जागा असेल तर ऑइलमध्ये घालायचा अतिनील रंग मिळतो. त्याच्या दिव्याखाली गळतीची वाट हिरवट-पिवळी चमकते.

चेंबरचं पॅकिंग खरंच गेलेलं निघू शकतं. पण तो निकाल धुतल्यावर लागू दे.

प्रश्न : टॅपेट कव्हरचं पॅकिंग सहा महिन्यांपूर्वी नवीन टाकलं. पुन्हा कडेने ओलं होतंय, गाडी थांबवली की जळका वासही येतो. बोल्ट अजून आवळून बघू का?

कृपा करून नको. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. त्याचे बोल्ट दिसायला साधे, पण त्यांना लागणारा ताण फार कमी असतो. बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे लहान पान्यावर मनगटाचा जोर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर येतं. पत्र्याचं कव्हर असेल तर ते बोल्टपाशी खाली दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे वर उचललं जातं. मग गळती वाढते आणि माणूस आणखी आवळतो. शेवटी हे कव्हर ज्यावर बसतं त्या अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात.

कव्हर उघडा. पत्र्याचं असेल तर सपाट जागेवर उलटं ठेवून बोल्टांच्या जागा वाकल्यात का बघा. वाकल्या असतील तर हलक्या हातोडीने सरळ होतात. जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि ऑइलचा ओशटपणा दोन्ही बाजूंनी पूर्ण काढा. पॅकिंगची खाच आतून पुसली आहे का पाहा, कारण घाईत तीच राहते. अॅल्युमिनियमवर लोखंडी पट्टीने खरवडू नका, ओरखडा कायमचा राहतो. बोल्ट मधून सुरू करून आळीपाळीने बाहेर न्या, दोन फेऱ्यांत.

आता सिलिकॉन. रबरी पॅकिंगवर चारी बाजूंनी सिलिकॉनची जाड वेणी घातलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की कव्हर उघडताना हसू येतं. ते लागतं फक्त कोपऱ्यांत, जिथे कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) टोपी आणि हेड किंवा टायमिंग कव्हर आणि हेड एकमेकांना भेटतात. तिथे वाटाण्याएवढा ठिपका पुरे. आतल्या बाजूला सांडलेलं सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबली आणि इंजिनाला ऑइल मिळेना, असा सौदा होतो.

जळका वास म्हणजे ऑइल एक्झॉस्टवर पडतंय. हे पुढे ढकलू नका, कारण सांगतो शेवटच्या उत्तरात. आणि स्पार्क प्लगच्या विहिरी बघाच. त्यांच्या नळ्यांची सीलं बऱ्याचदा कव्हरमध्येच असतात. विहिरीत ऑइल साचलेलं असेल तर प्लग काढण्याआधी कापडाने टिपून घ्या, नाहीतर ते सरळ सिलिंडरमध्ये उतरेल.

प्रश्न : एक सील बदललं की दोन महिन्यांत दुसरं गळायला लागतं. आधी कॅमचं, मग पुढचं क्रँक सील (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं), आता डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतूनही ऑइल वर येतंय. जुनं इंजिन म्हणून सोडून द्यायचं का?

डिपस्टिकचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, पण तेच महत्त्वाचं. तुमची सीलं बहुधा निर्दोष आहेत. आतून कोणीतरी त्यांना ढकलतंय.

पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये जातोच. नव्या इंजिनातही जातो. त्याला बाहेर काढायला ब्रीदरची वाट दिलेली असते : पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि एक-दोन रबरी पाइप, जे तो वायू परत इंजिनाच्या श्वासात सोडतात. ही वाट काजळी-चिखलाने तुंबली की चेंबरमध्ये दाब साचतो. क्रँक सीलचा रबरी ओठ ऑइल अडवायला केलेला आहे, दाब सोसायला नाही. तो सगळ्यात कमजोर जागी हार मानतो. ती जागा तुम्ही दुरुस्त केलीत की पुढची कमजोर जागा सुटते. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय.

तपासणी घरी होते. इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा कागद हलकेच ठेवा. आत जाणार नाही असा मोठा तुकडा घ्या आणि कडा हाताने धरा. पेट्रोल इंजिनात तो जरासा आत ओढला जायला हवा. वर फुगून उडत असेल तर दाब आहे. डिझेलमध्ये आत ओढण्याची अपेक्षा धरू नका; तिथे थोडी फुंकर चालते, भकाभका धूर मात्र नाही.

मग व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. स्प्रिंगवरच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये आत काहीतरी खुळखुळायला हवं. मुका असेल तर गेला. तसा तो स्वस्त भाग आहे, या वयात न तपासताही नवा टाकावा. पाइप काढून आरपार फुंका, आतून फुगून चिकटलेला पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो.

सगळं मोकळं करूनही कागद उडतच राहिला, तर रिंगा झिजल्या आहेत. कॉम्प्रेशन तपासून घ्या. मग सीलांवर पैसे घालणं थांबवा, तो निर्णय इंजिन उघडायचा की नाही याचा आहे. पण ब्रीदर न बघता एवढ्यापर्यंत येऊ नका.

प्रश्न : ऑइल आणि फिल्टर बदलून आणल्यापासून गळती सुरू झाली. आधी एक थेंबही नव्हता.

मग संशयाला फार जागा नाही. जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनालाच चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर बसतो. दोन कडी एकावर एक कधीच टिकत नाहीत, आणि सुटली की काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येतं. त्यामुळे उद्यावर न टाकता आत्ता फिल्टर काढून बघा. नव्या कड्याला ऑइलचं बोट लावा, टेकलं की हाताने साधारण पाऊण फेरा. पान्याने नाही.

फिल्टर ठीक असेल तर चेंबरचा ड्रेन नट. त्याचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा हवा, तो चेपूनच सील करतो. नट गोल गोल फिरतोय आणि आवळत नाही, असं असेल तर आटे गेले आहेत. टेफ्लॉनची टेप गुंडाळून दिवस काढता येतात, पण तो नट कधी पडेल सांगता येत नाही. नवे आटे पाडून हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे) बसवणं हा नीट उपाय. ते करताना पडणारा किस आत जाऊ देऊ नका, आटे पाडायच्या हत्याराला ग्रीस लावा.

ऑइल खुणेच्या वर भरलंय का तेही एकदा बघा. फार वर असेल तर क्रँक त्यात फिरून फेस करतो.

प्रश्न : इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडतो. मागचं क्रँक सील म्हणतात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च सीलचा कमी आणि मजुरीचा जास्त. करावं का?

गिअरबॉक्स उतरवण्याआधी माझी एक फजिती ऐका. बेल हाउसिंगच्या (इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या) खालच्या कोपऱ्यावर थेंब लोंबत होता, शंका घ्यायला जागाच नव्हती. दिवसभर घालवून गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत चढवलं. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर तसाच थेंब. मग आरसा घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला वर बघितलं. ऑइल प्रेशर स्विच, अंगठ्याएवढा. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपीतून, वायरीच्या बाजूने ऑइल पाझरत होतं आणि ब्लॉकच्या पाठीवरून ओघळून अगदी शहाण्यासारखं जोडावर येत होतं. स्विच बदलायला दहा मिनिटं लागली.

तेव्हा आधी वर बघा : प्रेशर स्विच (वायरीचा जोड काढा, आत ऑइल असेल तर काम झालं), टॅपेट कव्हरची मागची बाजू, डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची ओ-रिंग, कॅमच्या टोकाची बुचं. शिवाय थेंबाचा वास घ्या. गंधकाचा आला तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा आहे, इंजिनाचा नाहीच. ब्रीदरही तपासा.

हे सगळं कोरडं निघालं, तरच उतरवा. उतरवलाच तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग तेव्हाच बघून घ्या, मजुरी पुन्हा पडत नाही. सील जिथे घासतं तिथे क्रँकवर नख फिरवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर त्याच जागी नवं सील थोडेच दिवस टिकेल; ते मिलिमीटरभर आत-बाहेर बसवावं किंवा क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवावी. नेहमीच्या रबरी सीलच्या ओठाला ऑइल लावून बसवतात. टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं असतं. सीलबरोबर आलेला कागद वाचा, तो फेकायचा नसतो.

प्रश्न : गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकलं किंवा जाड ऑइल भरलं तर?

औषधाने वाळलेलं रबर थोडं मऊ होऊन फुगतं. पाझर असेल तर काही दिवस कमी होऊ शकतो. फाटलेलं सील, ढिला बोल्ट, चेपलेलं पॅकिंग यांना काही होत नाही. कोणी ब्रेक ऑइल घालायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, रबर इतकं मऊ पडतं की सगळीच सीलं बदलावी लागतात. पुस्तिकेत जास्त जाड ग्रेडची परवानगी असेल तर घाला. नसेल आणि इंजिनात हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारी) टॅपेट असतील, तर थंड इंजिन सुरू करताना ती खडखडून तक्रार करतील.

प्रश्न : किती गळती चालून जाते?

पॅकिंगच्या कडेला घाम आल्यासारखं ओलं आणि खाली थेंब नाही, तर पुसा आणि लक्ष ठेवा. जुन्या इंजिनात असतं. थेंब पडतो पण डिपस्टिकवर महिनाभरात फारसा फरक नाही, तर सवडीने करा.

तीन जागा मात्र सवडीच्या नाहीत. एक्झॉस्टवर पडणारं ऑइल, कारण तो भाग ऑइल पेटण्याइतका तापतो. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) कोरड्या जातीचा, म्हणजे ऑइलमध्ये न फिरणारा, असेल तर त्यावर येणारं ऑइल. ते रबर खातं, आणि बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आणि क्लचवर येणारं, ज्याने क्लच घसरतो.

डिपस्टिक दर आठवड्याला बघा : गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झाल्यावर, एकदा पुसून दुसऱ्यांदा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. तारीख, किलोमीटर आणि किती घातलं ते वहीत लिहा. मेकॅनिकला ‘खूप गळतं’ सांगण्यापेक्षा हा आकडा उपयोगी पडतो.

डॅशबोर्डवरच्या लाल ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो दाब सांगतो, पातळी नाही. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणून निघालेल्या गाड्यांची बेअरिंगं मी बदलली आहेत.