पोकरमध्ये भारी पानं आल्यावर गप्प राहून समोरच्याला खेळवावं का? आणि ब्लफ (हलकी पानं असताना मोठी बोली लावून हूल देणं) कधी मारावा?

मी तीन पत्तीतून शिकलो, खानापूरला मामांकडे, गणपतीत रात्री जागताना, चिंचोके लावून. एकदा मामांच्या हातात तीन अठ्ठ्या आणि कपाळावर आठ्या! पानाचा डबा उघडून चुना लावत बसले, चाल अगदी बारकी. मी एक्क्यांच्या जोडीवर वाढवत सुटलो. वर मलाच म्हणतात, "काय बघालास, टाक की!" माझी वाटी रिकामी झाली.

पुढे चोर्ला घाट उतरून पणजीच्या एका कॅसिनोत पोकरला बसलो आणि मामांची ही युक्ती अंगाशी आली. तीन पत्तीत एकदा वाटलेली पानं बदलत नाहीत, त्यामुळे गप्प बसण्यात धोका नाही. होल्डेम ह्या पोकरच्या प्रकारात मात्र हातात दोनच पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडत राहतात. माझ्याकडे सत्तीची जोडी, फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, तिसरी सत्ती, पण शेजारी दोन बदाम. मी साळसूदपणे चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढं दिली. समोरच्याच्या हातात दोन बदाम होते. त्याला पुढचं पान फुकटात मिळालं, तेही बदामच, आणि एकाच रंगाची पाच पानं तीन सत्त्यांना हरवतात. फ्लॉपवर चार बदाम जमलेल्याला उरलेल्या दोन पानांत पाचवं मिळायची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. अशा वेळी गप्प बसू नका, त्याला पुढच्या पानाची किंमत मोजायला लावा.

टेबलावर राजा, अठ्ठी, दुर्री अशी वेगवेगळ्या रंगांची विखुरलेली पानं असतील आणि समोरचा उतावळा असेल, तर खुशाल चेक करा. तो लावेल, मग तुम्ही वाढवा. ह्यालाच चेक-रेझ म्हणतात.

ब्लफचं म्हणाल तर चेहऱ्यापेक्षा हिशेब बघा. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, १०० असताना ५० लावून ब्लफ मारलात, तर तीनदा मारून एकदा समोरच्यानं पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, तरी बरोबरी होते. १०० लावलेत, तर दोनात एकदा टाकायला हवीत. शिवाय आधीच्या खेळाशी बोली जुळली पाहिजे. नुसता कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढंच लावत आलात आणि टेबलावर तिसरं बदाम पडताच मोठी बोली लावलीत, तर पटतं. चौकटची दुर्री पडल्यावर एकदम उसळलात, तर समोरचा म्हणणारच, दुर्रीनं ह्याचं काय भलं झालं?

आणि मामांसारख्या माणसाला ब्लफ मारूच नका. हातात काही नसलं तरी "बघूया की रे" म्हणत ते शेवटच्या पानापर्यंत येतात.