सोलरचे 40 युनिट खरे धरायचे का?

प्रश्न : सर, आमच्या घरी चार माणसं. गच्चीवर 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, पॅनल 4 चौरस मीटर, दर चौरस मीटरला 1000 वॉट ऊन आणि दिवसाचे 10 तास. म्हणजे रोज 40 युनिट वाचतील. हे धरून चालू का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नका धरू, ताई. 1000 वॉट म्हणजे भर दुपारचं, निरभ्र आकाशातलं ऊन. सकाळी आठला त्यात तो जोर नसतो. वर्षाची सरासरी काढली तर नागपुरात चौरस मीटरमागे दिवसाला 5 युनिटांच्या आसपास ऊन पडतं. तुमच्या पॅनलवर 20. त्यातलं निम्मं काच, हवा आणि पाइपांत जातं. पाण्यात उतरतात 8 ते 10.

ताळा घरीच करून बघा. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते आणि 860 किलोकॅलरी म्हणजे 1 युनिट. टाकीत खरोखर 40 युनिट उतरले, तर 200 लिटर पाणी 170 अंशांहून जास्त तापायला हवं! 20 वरून 60 अंशांवर न्यायला साडेनऊ युनिटही लागत नाहीत.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. तापलेलं पाणी तुम्ही वापरता किती? डिसेंबरात माणशी 25 लिटर, 40 अंशांचं पाणी धरलं, तर चौघांच्या आंघोळीला मिळून अडीच युनिटांच्या आतच काम होतं. गिझरची गळती धरा, तीन युनिट. बचत तेवढीच, उरलेली उष्णता टाकीतच राहते. मे महिन्यात तर गच्चीवरच्या साध्या टाकीतूनच ऊन पाणी येतं, तेव्हाची बचत शून्य. म्हणून वर्षाचा हिशेब मांडताना तीन युनिटांना 365 ने गुणू नका, थंडीचे चार महिने आणि पावसाळ्यातले काही दिवस धरा. पावसाळ्यात ढगांमुळे पाणीही कोमटच मिळेल.

तुम्हाला 100 लिटरचा पुरेल. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार 30 ते 35 अंश ठेवायला सांगा, म्हणजे थंडीतलं खाली उतरलेलं ऊन नीट मिळेल. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप मात्र स्वतः मोजा. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे 200 मिलिलिटरपर्यंत पाणी मावतं. 20 मीटर असेल तर रोज सकाळी आधी चार लिटरपर्यंत गार पाणी सोडावं लागेल. पाइपाला उष्णतारोधक वेष्टण हवंच. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून उष्णता कमी उतरते, तेव्हा सोलरला नळाचंच पाणी जोडा.